दोन टिंबांच्या मधला उंबरठा

सुरुवातीलाच कबूल करून टाकते. मी ॲक्सेसिबल इमारती शिकवते, म्हणजे अपंग माणसांनाही अडल्याशिवाय वापरता येतील अशा, आणि वर्गात व्हर्च्युअल टूर मी पहिल्यांदा लावली ती काही मोठा शैक्षणिक विचार करून नाही, चाळीस मुलं एका टॉयलेटमधे मावत नाहीत म्हणून. हसताय, पण खरंच. ॲक्सेसिबल टॉयलेटमधे व्हीलचेअर वळायला साधारण दीड मीटर व्यासाचा गोल मोकळा लागतो, अमेरिकेच्या एडीए स्टँडर्डमधे, म्हणजे अपंगांसाठीच्या कायद्याच्या नियमांत, नेमका आकडा १,५२५ मिलिमीटर आहे, आणि त्यात चार-पाच मुलं शिरली की सहाव्याला फक्त पुढच्याची पाठ दिसते. शिवाय चालू इमारतीतलं टॉयलेट आपण अडवून धरणार किती वेळ, ज्यांच्यासाठी ते केलंय तेच बाहेर ताटकळायचे. मग म्हटलं ३६० डिग्री कॅमेऱ्यानं शूट करून आणू आणि पडद्यावर लावू.

आणि ते चाललं, अपेक्षेपेक्षा जास्त चाललं. ग्रॅब बार, म्हणजे धरायचा दांडा, बघून झाला, आरसा बघून झाला, मग एकीनं विचारलं, मॅडम ती कचऱ्याची बादली तिथंच असते का? आता कमोडच्या शेजारची जागा ही उगाच रिकामी सोडलेली नसते, तिथं व्हीलचेअर लावून माणूस खुर्चीवरून सीटवर सरकतो. नकाशात ती जागा बरोब्बर होती. प्रत्यक्षात तिथं बादली, मॉप आणि एक मोडकं स्टूल. आम्ही न सांगता गेलो होतो म्हणून ते सापडलं, वर्ग घेऊन येतोय असं आधी कळवलं असतं तर सगळं आवरून ठेवलेलं दिसलं असतं आणि मुलं "छान आहे" म्हणून परत आली असती.

तर मी खूश, आणि त्या खुशीत इंटरनेटवर तयार मिळतात त्या टूर वर्गात लावायला लागले. म्युझियमं, हॉटेलं, ऑफिसं. तिथं फसले.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, स्वतः व्हीलचेअर वापरणारा, फार बोलायचा नाही. एका इमारतीची टूर चालू होती. टूरमधलं टिंब म्हणजे कॅमेरा उभा केलेली एकेक जागा, क्लिक केलं की आपण तिथं. बाहेरच्या टिंबावरून पुढच्यावर क्लिक केलं, पुढच्या क्षणी आपण लॉबीत. तो म्हणाला, "मॅडम, आत कसे आलो आपण?" मला आधी प्रश्नच कळला नाही. मग परत मागे गेले, पुढे आले, परत मागे. एक टिंब दाराच्या अलीकडे तीन पावलांवर, दुसरं दाराच्या पलीकडे चार पावलांवर. दार, त्याचा उंबरठा, पायपुसणं, दार ओढताना मागे सरकायला लागणारी जागा, सगळं त्या दोन टिंबांच्या मधे, आणि त्या उडीत गायब. म्हणजे इमारतीत माणूस जिथं अडतो नेमकी तीच जागा टूर ओलांडून जाते. एडीएमधे दाराचा उंबरठा नव्या बांधकामात १३ मिलिमीटरपर्यंतच चालतो, बोटाच्या जाडीएवढा, पण टूरमधे तो १३ आहे का ४० हे कळणार कसं, आपण तर त्याच्यावरून उडून गेलो!

त्या दिवसापासून मी टूर दाखवायला म्हणून नाही, पकडायला म्हणून लावते. ही टूर कुठे खोटं बोलते ते शोधा, एवढंच सांगते, आणि मुलं अशी काही कामाला लागतात की विचारू नका.

दारं घ्या. टूरमधली बहुतेक दारं उघडीच असतात, कारण शूट करणारा पाचर लावून ठेवतो, बंद दार दिसायला वाईट दिसतं ना. आता दाराची मोकळी रुंदी मोजायची ती चौकटीची नाही, दार ९० अंशात उघडल्यावर दाराचा पृष्ठभाग ते समोरच्या चौकटीची पट्टी, आणि ती कमीत कमी ८१५ मिलिमीटर हवी. दार ताठ मागे भिंतीला टेकवून ठेवलं की नजरेला जास्त वाटतं. आणि त्या दाराला वरती क्लोजर आहे का, तो किती जोर लावून दार परत लोटतो, हे तर कुठल्याच फोटोत येत नाही. एका हातानं चाक धरून दुसऱ्या हातानं तसलं दार ओढून बघा कधीतरी.

मग जमीन. कॅमेऱ्याखालचा ट्रायपॉड दिसू नये म्हणून तिथं गोल लोगो चिकटवतात. आपल्याला सगळ्यात जास्त रस कशात, तर जमिनीत, आणि तिथंच बरोबर स्टिकर.

उजेड तर विसराच. कमीजास्त प्रकाशाचे तीन-चार फोटो एकत्र करून एक केलेला असतो, त्यामुळे कॉरिडॉरच्या टोकाच्या खिडकीतून येणारी तिरीप, जी कमी दिसणाऱ्या माणसाला अक्षरशः आंधळं करते, ती पार धुऊन निघते. मात्र एक गोष्ट इथं मस्त करता येते. जिन्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि ब्लॅक अँड व्हाइट करा. पायऱ्यांच्या कडा राखाडीत राखाडी मिसळून गेल्या तर समजा रंग कितीही भारी असले तरी कॉन्ट्रास्ट नाही. लाल ग्रॅनाइटवर हिरवी पट्टी, आर्किटेक्ट खूश, ब्लॅक अँड व्हाइटमधे पट्टी शोधून दाखवा.

रॅम्पवर जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त भांडण तिथं होतं. १:१२ म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी. कोनात सांगायचं तर पावणेपाच अंश. १:८ म्हणजे सात अंशाच्या थोडं वर. फरक सव्वादोन-अडीच अंशांचा, पडद्यावर दोन्ही सेमच दिसतात, पण हातानं चाक ढकलणाऱ्याच्या खांद्याला विचारा. म्हणून मी मुलांना टूरमधे पायऱ्या मोजायला लावते. रॅम्पशेजारी पायऱ्या असतातच बहुतेक वेळा. तीन पायऱ्या, प्रत्येकी १५० धरा, ४५० मिलिमीटर चढ झाला, म्हणजे १:१२ च्या हिशेबानं रॅम्प ५.४ मीटर तरी हवा, वर खाली दीड-दीड मीटरचं लँडिंग, म्हणजे थांबायची सपाट जागा, धरलं की साडेआठ मीटरच्या आसपास जागा गेली. आता बघा बरं समोरच्या टूरमधे तो रॅम्प दोन गाड्यांच्या फटीत बसवलाय, तो ५.४ असेल का? हे गणित मुलं एकदा करतात आणि पुन्हा विसरत नाहीत. आणि थ्रीडी स्कॅनवाल्या टूरमधे मोजपट्टी असते तिच्यावर आंधळा विश्वास नको. समजा एक टक्का चूक धरली, तरी दारात ८ मिलिमीटर इकडचे तिकडे होतात, म्हणजे अंदाज येतो, निकाल देता येत नाही. टेप घेऊन जायचंच.

आता उंची. टूर शूट होते उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, दीड मीटर, एक साठ. व्हीलचेअरवर बसलेल्या प्रौढ माणसाचे डोळे साधारण एक दहा ते एक पंचवीसच्या दरम्यान. आम्ही एकच लॉबी दोनदा शूट केली, १६० सेंटीमीटरवर आणि १२० वर. १६० वर रिसेप्शनला बसलेली बाई, तिच्यासमोरचं रजिस्टर, मागचा फ्लोअर प्लॅन, सगळं व्यवस्थित. १२० वर काउंटरची कडा आणि तिच्यावर तरंगणारे केस. बास. लिफ्टशेजारचा बोर्ड वरच्या दिव्याच्या चमकीत पांढराफटक. वर्ग चिडीचूप. आकडे मी आधी दोन लेक्चरं सांगितले होते, काउंटरचा एक भाग खाली घ्यायचा वगैरे, तेव्हा कोणी मान वर केली नव्हती.

पण इथं एक सावध करते. १२० वर शूट केलं म्हणजे व्हीलचेअरवरचं आयुष्य कळलं असं अजिबात नाही. डोळ्याला पट्टी बांधून तासभर फिरवायचं, खुर्चीत बसवून चक्कर मारायला लावायची, हे प्रकार मी बंद केलेत. २०१७ मधे छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं होतं की असल्या नकलेनंतर लोकांची अस्वस्थता आणि कीव वाढते, आणि ते मला माझ्या वर्गातही दिसत होतं. तासाभराचा आंधळा फक्त धडपडायला शिकतो, वर्षानुवर्षं काठी वापरणाऱ्याला जे कौशल्य असतं ते त्याच्यात येणार कुठून. कॅमेरा खाली घेतला तर काउंटर दिसतो, माणूस नाही. माणूस हवा असेल तर त्याला बोलवा, मानधन द्या, आणि टूर त्याच्या हातात द्या.

मी तेच केलं आणि तोंडावर पडले. पूर्ण अंध असलेल्या एका तज्ज्ञांना बोलावलं, त्यांनी लॅपटॉप घेतला, स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, चालू केला आणि टूरमधून आवाज आला, "बटण. बटण. बटण." टिंबांना नावंच नाहीत. ॲक्सेसिबल इमारत शिकवायला आणलेली वस्तू स्वतःच इनॲक्सेसिबल! ते हसले, मी नाही.

मग मुलांना बसवलं प्रत्येक टिंबाचं वर्णन लिहायला. पहिल्या खेपेला "भव्य, प्रशस्त लॉबी" असलं ब्रोशर आलं. ते म्हणाले, प्रशस्त राहू द्या, दार कुठल्या बाजूला उघडतं? दुसऱ्या खेपेला: "समोर काचेचं दार, उजवीकडं उभं हँडल, तुमच्याकडं ओढायचं, हँडलच्या बाजूला भिंत लगेच लागते." आणि हे लिहिता लिहिता लिहिणारीच थांबली, की लगेच लागते म्हणजे? ओढायच्या दाराला हँडलच्या बाजूला साडेचारशे मिलिमीटर जागा हवी ना? तिनं टूर परत बघितली, मग टेप घेऊन गेली, तर निम्मीसुद्धा नव्हती. ती टूर मी त्याआधी पाच वेळा वर्गात लावली होती.

चला, लाइट घालवा कोणीतरी. ही टूर तुम्ही आधी बघितलेली नाही, मी फक्त बाहेरच्या टिंबावर उभी करते, आणि आत जायच्या आधी मला सांगायचं की मधे काय काय असेल.