मंथरा आणि मिसेस डिसा : ललिता पवार

(पडदा काळा. फक्त आवाज.)

"काय गं, सासू कशी आहे?"

"विचारू नकोस. ललिता पवार!"

एवढं बोललं की पुढचं सांगावं लागत नाही. चाळीच्या नळावर, लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या लेडीज डब्यात हा संवाद आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलाय. एका नटीचं नाव खाष्टपणाला पर्यायी शब्द म्हणून वापरात आलं आणि तिला जाऊन पंचवीस वर्षं उलटली तरी तो शब्द चालतोच आहे. खणखणीत नाणं आहे. फक्त त्याची एकच बाजू सगळ्यांनी पाहिलीय.

(येवल्याचा बाजार. हातमागाचा आवाज.)

येवला म्हटलं की पैठणी. नाशिक जिल्ह्यातल्या या गावात १८ एप्रिल १९१६ रोजी लक्ष्मणराव सगुण यांच्या घरी मुलगी झाली. कापडाचा व्यापार, रेशीम-सुताचं घर. मुलीचं नाव ठेवलं अंबा. पुढे पुण्यात आल्यावर ही अंबा सिनेमाच्या तंबूत शिरली आणि श्रेयनामावलीत 'अंबू' झाली.

पुण्यात तेव्हा नानासाहेब सरपोतदारांची आर्यन फिल्म कंपनी होती. १९२८ साली आर्यनच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये ही बारा वर्षांची पोर दिसली. फाळक्यांचा १९१३चा तो वेगळा, हा वेगळा. पगार महिना अठरा रुपये होता, असं सांगतात. सिनेमात बाईनं काम करणं म्हणजे काय, हे त्या काळी वेगळं सांगायला नको. ज्या घरातल्या मुली उंबरठ्याबाहेर पडायच्या नाहीत, त्याच घरातले पुरुष रात्री तंबूत पुढची जागा धरून बसायचे.

(काळे-पांढरे चित्र. ओरखडे पडलेली फीत. आवाज नाही.)

हे नीट बघा. हा 'दिलेर जिगर', १९३१ सालचा मूकपट. आपल्याकडे हजाराहून अधिक मूकपट झाले, त्यातले मोजकेच हाताला लागले, आणि नशीब असं की हा त्यात आहे. दिग्दर्शक जी. पी. पवार, म्हणजे अंबूचे पुढे नवरा झालेले गणपतराव. गोष्ट साधी: दुष्ट राज्यकर्ता, गादीवरून हुसकलेला राजपुत्र, खेळ करत गावोगाव फिरणारा हमीर आणि त्याची साथीदार सारंगा. ही सारंगा म्हणजे आपली अंबू, पुढची ललिता पवार. वेळ आली की ती तोंडावर मुखवटा चढवते, तलवार उपसते आणि अन्याय करणाऱ्यांच्या मागे लागते.

ललिता पवार. तलवार घेऊन. ज्यांनी त्यांना फक्त डोक्यावर पदर आणि तोंडात विष असं पाहिलंय, त्यांनी ही फीत एकदा तरी बघावी.

बोलपट आले तेव्हा गाणारी नटी हवी होती. ललिताबाई गायच्याही. १९३५च्या 'हिंमत-ए-मर्दां'मध्ये त्या नायिका होत्या. तीसच्या दशकातच त्यांनी निर्मितीतही हात घातला. 'दुनिया क्या है' हा त्यांचा चित्रपट टॉलस्टॉयच्या 'रिसरेक्शन'वर बेतलेला होता. विशीतली मराठी बाई टॉलस्टॉय पडद्यावर आणायला स्वतःचे पैसे लावते, ही गोष्ट त्यांच्याबद्दल बोलताना सहसा कुणी काढत नाही. सगळे थेट थपडेवर येतात.

आपणही आता तिथेच येतोय.

(पडद्यावर एक रिकामा सेट. दिवे लागतात.)

१९४२. 'जंग-ए-आझादी'चं चित्रीकरण. प्रसंगात नायिकेच्या कानाखाली मारायची होती. मारणारे होते भगवान आबाजी पालव, म्हणजे पुढे 'अलबेला'तून घराघरात पोचलेले आपले भगवानदादा. थप्पड खोटी मारायची असते. हात गालाजवळून जातो आणि नट मान झटकतो. त्या टेकला हात खरा पडला, आणि पूर्ण ताकदीनं पडला. ललिताबाईंच्या चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डाव्या डोळ्याची नस दुखावली. पुढे उपचार चालले ते वर्षानुवर्षं. चेहरा बराचसा सावरला. डावा डोळा मात्र बारीक राहिला तो कायमचा.

सव्वीस वर्षांची नायिका. चेहरा हेच भांडवल.

इथून पुढे गोष्ट ठरलेल्या वळणानं सांगतात: थप्पड बसली, नायिका संपली, तीन वर्षं अंधार, मग खलनायिका जन्माला आली. ऐकायला छान आहे, पण मधल्या एका तारखेनं तिचा गाडा अडतो. १९४४ साली प्रभातचा 'रामशास्त्री' आला. गजानन जागीरदारांचे रामशास्त्री प्रभुणे आपल्याला आठवतात. समोर आनंदीबाई कोण? ललिता पवार. 'ध'चा 'मा' करणारी म्हणून मराठी मुलखात जिचं नाव आजही घेतलं जातं, ती आनंदीबाई. म्हणजे उपचारांचा काळ धरला जातो त्याच काळात ही बाई कॅमेऱ्यासमोर उभी होती, आणि तेही इतिहासातल्या सगळ्यात गाजलेल्या कारस्थानी बाईच्या भूमिकेत. अंधारात बसून रडण्याची चैन तिला परवडणारी नव्हतीच.

पहिला संसार टिकला नाही. पुढे निर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी त्यांनी लग्न केलं. त्यावर चघळायला पुष्कळ आहे, आपण चघळणार नाही.

(गाण्याशिवाय पार्श्वसंगीत. पन्नासचं दशक.)

१९५०, व्ही. शांताराम यांचा 'दहेज'. हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू. या चित्रपटानं शिक्का बसला. १९५२ साली 'दाग'मध्ये त्या दिलीपकुमारची आई झाल्या. वयाचं गणित करा. दिलीपकुमारांचा जन्म १९२२चा, यांचा १९१६चा. अंतर साडेसहा वर्षांचं. मोठी बहीण शोभली असती, पण नायक पस्तिशीतही कॉलेजात जातो आणि नटी पस्तिशीत आई होते, हा आपल्या सिनेमाचा जुनाच हिशेब आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. त्यासाठी चित्रपट वर्षाप्रमाणे शेजारी शेजारी ठेवून बघायचे.

१९५५. एकीकडे गुरुदत्तचा 'मिस्टर अँड मिसेस ५५'. त्यात त्या सीतादेवी, पुरुषांवर अजिबात विश्वास नसलेली श्रीमंत आत्या, घटस्फोटाच्या हक्कासाठी भांडणारी. चित्रपट तिची टर उडवतो. गंमत अशी की आज बघताना सीतादेवीचे बरेच मुद्दे बरोबर वाटतात आणि टर उडवणारेच जुनाट दिसतात. दुसरीकडे त्याच वर्षीचा 'श्री ४२०'. मुंबईच्या फुटपाथवर केळी विकणारी गंगामाई. राज तिच्याशी केळ्यांच्या भावावरून हुज्जत घालतो आणि ती त्याला झापता झापता आपलासा करून टाकते. एका चित्रपटात उंची साडी, ताठ मान, इंग्रजाळलेला रुबाब. दुसऱ्यात फुटपाथवर बसकण, घसा फोडून ओरडणं. बाई एकच, आणि साल एकच.

१९५९. बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त त्या सोवळं-ओवळं पाळणाऱ्या बुवाजी. घरात वाढलेली अस्पृश्य मुलगी जवळून गेली तरी अंग चोरणारी म्हातारी. इथे बारीक डोळ्याचं काम बघण्यासारखं आहे. ही बाई दुष्ट नाही, तिला खरोखरच आपण बरोबर वागतोय असं वाटतं, आणि म्हणूनच तिचा जास्त संताप येतो. आणि त्याच वर्षी हृषीकेश मुखर्जींचा 'अनाडी'.

मिसेस डिसा.

राजची घरमालकीण. गळ्यात क्रॉस, अंगात फ्रॉक, तोंडात सतत शिव्या. भाडं थकलं म्हणून ओरडते आणि त्याच दमात जेवायला वाढते. आपल्याकडे अशी एक काकू प्रत्येक वाड्यात असायची. तोंडानं फटकळ, तिच्या दारावरून जायची भीती वाटायची, पण ताप आला की पहिली पेज तिच्याकडून यायची. ललिताबाईंनी ती काकू वांद्र्याच्या ख्रिस्ती घरात नेऊन बसवली. मिसेस डिसा भेसळीच्या औषधानं मरते, आणि तिथून पुढे चित्रपटातलं हसू आटतं. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. हृषीदांनाही त्या बाईचा विसर पडला नाही. बारा वर्षांनी 'आनंद'मध्ये इस्पितळाची कडक मेट्रन आली, तिचं नावही डिसाच आणि तिला साकारलं ललिताबाईंनीच. आनंदच्या थट्टेपुढे मेट्रनचा कडकपणा कसा कसा विरघळत जातो, ते पुन्हा एकदा बघा.

१९६१चं तर विचारूच नका. 'जंगली'त घरात कुणी हसायचं नाही असा दंडक घालणारी आई. 'हम दोनो'त लढाईवर गेलेल्या मुलाची वाट बघणारी मेजरची आई. हृषीदांच्या 'मेम दीदी'त डेव्हिड आणि जयंत या दोन दांडगटांना ताळ्यावर आणणारी म्हातारी, आणि या खेपेला चित्रपट तिच्याच नावाचा. त्याच वर्षी त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. आणि पुढच्याच वर्षी 'प्रोफेसर'मध्ये खोटी दाढी लावून आलेल्या शम्मी कपूरला खरोखरचा म्हातारा समजून ही करारी बाई चक्क त्याच्या प्रेमात पडते. इतकी वर्षं कुलूपबंद ठेवलेलं मन उघडताना ती जी लाजते, त्याला प्रेक्षागृह खदखदून हसतं. मला मात्र दर वेळी तिथे थोडं कसंसं होतं. शम्मी तिला फसवतोय आणि आपण त्याच्या बाजूनं आहोत.

(टीव्ही सेट. घड्याळात साडेनऊ. रविवार.)

२५ जानेवारी १९८७. दूरदर्शनवर रामानंद सागर यांचं 'रामायण' सुरू झालं. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे, हे त्या पिढीला सांगायला नको. काही घरांत टीव्हीला हार घालायचे. गुजरातमधल्या उंबरगावला चित्रीकरण चालायचं आणि अयोध्येच्या राजवाड्यात मराठी माणसांची चांगलीच वर्दळ होती: दशरथ बाळ धुरी, कौसल्या जयश्री गडकर, म्हणजे खऱ्या आयुष्यातलंच नवरा-बायकोचं जोडपं, आणि कैकेयीच्या महालात मंथरा, ललिता पवार. वय सत्तरीच्या पुढे.

मंथरा त्यांना नवी नव्हती. १९६१च्या 'संपूर्ण रामायण' चित्रपटातही त्यांनीच ती केली होती. आता मात्र पडदा घरात आला होता आणि चेहरा हातभर अंतरावर.

तो प्रसंग आठवा. रामाच्या राज्याभिषेकाची बातमी आलीय, नगरी सजलीय. मंथरा पाठीत वाकून कैकेयीकडे येते. कैकेयी झालेल्या पद्मा खन्ना खुशीत आहेत. मंथरा घाई करत नाही. आवाज खालच्या पट्टीत. एक डोळा कैकेयीचा चेहरा वाचतोय, दुसरा जणू मिटूनच काही हिशेब करतोय. एरवी नटाला जे उसनं आणावं लागतं ते इथे पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका चुकलेल्या हातानं देऊन ठेवलं होतं, आणि बाईंनी ते लपवलं नाही. उलट कॅमेऱ्याला त्याच बाजूनं तोंड दिलं.

पण नुसत्या डोळ्यानं मंथरा होत नाही. मंथरा कैकेयीच्या माहेरची, तिच्यासोबत आलेली दासी. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: पाठराखीण. सासरी मुलीचं काय होईल, उद्या सवतीचा मुलगा गादीवर बसला तर हिला कोण विचारेल, ही भीती पाठराखिणीचीच असते. ललिताबाई विष कालवतात ते मायेच्या वाटीत. शब्दाशब्दाला "माझी पोर" असा सूर लागतो आणि म्हणूनच कैकेयी फसते. मिसेस डिसाच्या तोंडात शिव्या आणि पोटात माया होती. मंथरेकडे माया वर तरंगते. कारागीर एकच.

लोकांना मात्र डोळाच लक्षात राहिला. २०२०च्या मार्चअखेर टाळेबंदीत दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा लावलं, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची मुलं फोनवर तो प्रसंग कापून एकमेकांना पाठवत होती. खाली ओळ एकच: "आमच्या शेजारच्या काकू."

(पुणे. औंधचा रस्ता, संध्याकाळ.)

शेवटची वर्षं त्या पुण्यात होत्या, औंधला. तोंडाचा कर्करोग. ज्या जिभेनं अर्ध्या हिंदुस्थानाच्या सुनांना घाबरवलं, त्या जिभेला घास जड झाला. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी त्या गेल्या तेव्हा घरात त्या एकट्याच होत्या. बातमी बाहेर यायलाही वेळ लागला. वर्तमानपत्रांनी मथळ्यात 'खाष्ट सासू' लिहिलं असेल, नसेल. वाचणाऱ्यांच्या मनात तेच आलं.

औंधपासून काही मैलांवर, लॉ कॉलेज रस्त्याला, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. 'दिलेर जिगर' तिथे जपलाय.

(पुन्हा मूकपट. संगीत थांबते. फक्त प्रोजेक्टरची खरखर.)

पंधरा वर्षांची सारंगा. मुखवटा चढवते, तलवारीची मूठ धरते, वळून बघते.

मुखवट्याआडून दोन डोळे. दोन्ही सारखे.

(चित्र थांबते.)