ठेवणीतला कोट

श्रोतेहो, नमस्कार.

मी शिंपी. बुधवार पेठेत वडिलांनी थाटलेलं छोटं दुकान आहे, तिथं चाळीसेक वर्षं मशीन चालवतोय. गिऱ्हाईक मला मास्तर म्हणतं. शिंपी आणि शाळेतले गुरुजी, दोघेही मास्तर. दोघांच्याही गळ्यात काही ना काही अडकवलेलं असतं, माझ्या गळ्यात टेप.

आज इथं यायला निघताना मी कोट चढवला. माझ्या लग्नातला, वडिलांच्या हातचा. बायको म्हणाली, "अहो, रेडिओवर बोलायचंय, बघणार कोण?" मी म्हटलं, लंडनला बीबीसीच्या सुरुवातीच्या काळात निवेदक संध्याकाळी मेजवानीचा काळा कोट घालून मायक्रोफोनपुढं बसायचे. त्यांना तरी कोण बघत होतं? ती म्हणाली, "ते साहेब होते." यावर मला उत्तर सुचलं नाही. पण कोट घालून इथं खुर्चीत बसलो आणि लक्षात आलं की मी पाठ टेकलेलीच नाही. नीट बेतलेला कोट माणसाला पोक काढू देत नाही, खांद्यात लगेच ओढतो.

आपल्याकडं कपड्यांचे तीन ढीग असतात. घरातले, बाहेरचे आणि ठेवणीतले. घरातले म्हणजे बाहेरचे जुने झाले की उरतात ते. आणि ठेवणीतले म्हणजे जे आपण कधीच घालत नाही ते. मला आज या तिसऱ्या ढिगाबद्दल बोलायचंय.

हल्ली माझ्याकडं जुन्या साड्यांचे ड्रेस शिवायचं काम फार येतं. परवा सदाशिव पेठेतल्या एक आजी नातीला घेऊन आल्या. पिशवीत रेशमी साडी, मोरपिशी रंग, काठ असा की बघत राहावं. मी टेबलावर उलगडली तर घडीघडीवर विरलेली. बोट लावलं तिथं चिरली. विचारलं, "आजी, किती वेळा नेसलात?" त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं, "तीनदा. थोरल्याची मुंज, थोरल्याचं लग्न, धाकट्याचं लग्न."

तीनदा! बाकीची सगळी वर्षं ती साडी कपाटात बसून फाटली. यात जादू काही नाही. रेशीम एकाच घडीत वर्षानुवर्षं दाबून राहिलं की घडीच्या रेषेवर त्याचे तंतू तुटत जातात. जरीला हवा लागून ती काळवंडते, डांबराच्या गोळ्या तिला चिकटून राहिल्या तर आणखीच. म्हणून जाणत्या बायका रेशमी साडी मलमलच्या कपड्यात गुंडाळतात, चार-सहा महिन्यांनी काढून घडी बदलतात. मी म्हणतो, घडी बदलायला काढलीच आहे, तर नेसूनच टाका. मंगळवारी नेसा. बँकेत जाताना नेसा. आजींना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, "मास्तर, लोक विचारतील ना, आज काय विशेष?" खरी अडचण ही आहे बघा. कारण नसताना चांगलं दिसायची आपल्याला लाज वाटते.

आणि पुण्यात तर या लाजेला तत्त्वज्ञानाची जोड आहे. साधी राहणी, उच्च विचारसरणी. चुरगळलेला झब्बा, उसवलेला खिसा आणि तोंडी हे वाक्य, असे विद्वान माझ्या दुकानात पुष्कळ येऊन गेले. उधारीही ठेवून गेले. पण साधं म्हणजे गबाळं असं कोणी ठरवलं? आगरकरांची गोष्ट आपण शाळेत ऐकलीय. शिकायला असताना अंगात एकच सदरा, तो रात्री धुवून वाळत घालायचा आणि सकाळी पुन्हा घालायचा. आपण ती गोष्ट गरिबीची म्हणून सांगतो. मी शिंपी असल्यामुळं असेल, मला त्यातलं धुणं दिसतं. एकच सदरा असलेला मुलगा रोज धुतलेला सदरा घालून कॉलेजात जायचा.

माझ्या दुकानापासून चालत पाच मिनिटांवर भिडेवाड्याची जागा आहे. १८४८ साली फुले पतिपत्नींनी मुलींची शाळा काढली ती तिथं. सावित्रीबाई शाळेत जाताना लोक अंगावर शेण-चिखल टाकायचे, म्हणून त्या सोबत दुसरं लुगडं न्यायच्या. शाळेत पोचून बदलायच्या आणि मग वर्गावर उभ्या राहायच्या. मी या दुसऱ्या लुगड्याचा फार विचार करतो. त्या शेणानं भरलेल्या लुगड्यातही शिकवू शकल्या असत्या. अक्षरं तीच राहिली असती. पण समोरच्या मुलींनी बाईंना स्वच्छ बघावं, घाण टाकणाऱ्यांची खूण वर्गात येऊ नये, याची काळजी त्या रोज घेत होत्या.

डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या बायकांना हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं. जात ओळखू यावी अशी लुगडं नेसायची रीत सोडा, अंगावरच्या जड दागिन्यांची ओझी उतरवा, फाटकं असलं तरी चालेल पण स्वच्छ नेसा. नीटनेटकेपणा हा ज्यांना श्रीमंतांचा चोचला वाटतो, त्यांनी हे जरा आठवावं.

पैशाचं म्हणाल तर चांगला पोशाख म्हणजे महाग पोशाख हे मला मान्यच नाही, आणि हे मी स्वतःच्या धंद्याविरुद्ध बोलतोय. माझ्या वडिलांकडं कॉलर उलटवून घ्यायला लोक यायचे. सदऱ्याची कॉलर मानेजवळ झिजली की ती उसवायची, उलटी करायची, पुन्हा टीप मारायची. आतली कोरी बाजू वर येते. शर्टाचं आयुष्य दोन वर्षांनी वाढलं. आता हे काम महिन्यातून एखादं येतं, तेही कोणी म्हाताराच आणतो. नवा शर्ट घेण्याआधी जुन्याच्या बाहीची लांबी नीट करून घ्या, बटणं घट्ट करून घ्या, खांद्याची शिवण खांद्यावर आणून घ्या, मग आरशात बघा. निम्मे लोक नवा शर्ट घेणार नाहीत.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, माया. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात ते. माणूस पुढं जाडेल, पोर उंच होईल, तर शिवण उसवून कपडा मोठा करता यावा म्हणून. तयार कपड्यांत ही माया फार थोडी असते. लॉकडाऊननंतर हे सगळ्यांना कळलं. हिंजवडीला कामाला जाणारी पोरं दीड-दोन वर्षं घरी इलॅस्टिकच्या पँटीत बसली. ऑफिस उघडलं आणि रांगच लागली, "काका, कंबर दोन इंच सोडा." मी सोडणार कुठून, आत मायाच नाही! इलॅस्टिक आणि नाडी माणसाशी गोड बोलतात. पट्ट्याचं भोक मात्र पहिल्याच आठवड्यात सांगतं, जरा जिलबी कमी करा. रोज मापाचे कपडे घालण्याचा हा फायदा डॉक्टर सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो.

अमेरिकेत २०१२ साली दोन संशोधकांनी असंही दाखवलं होतं की डॉक्टरचा म्हणून दिलेला पांढरा कोट घातला की माणसाचं लक्ष जास्त एकाग्र होतं. पुढं दुसऱ्यांनी त्यातला एक प्रयोग पुन्हा केला तर तसं निघालं नाही. त्यांचं ते बघून घेतील. मला एवढंच दिसतं की नवी घडी मोडून ट्रायलला उभा राहिलेला माणूस आपोआप केसांवरून हात फिरवतो.

माझं एक जुनं गिऱ्हाईक, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले काका. निवृत्तीनंतर दुपारी बारापर्यंत बनियन-लेंग्यात. काकू एक दिवस त्यांचे चार जुने शर्ट घेऊन आल्या, म्हणाल्या, "मास्तर, हे त्यांच्या आत्ताच्या मापाचे करा, त्यांना सांगू नका." आता काका सकाळी आठला परीटघडीचा शर्ट घालून पेपर वाचतात, वाचायचं स्वतःच्याच गॅलरीत. काय फरक पडला असं मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "भांडायला मजा येते. बनियनवरच्या माणसाशी काय भांडायचं?"

तर श्रोतेहो, माझी वेळ संपत आली. इथून घरी जाताना मंडईत उतरून मेथी आणि आलं घ्यायचंय. कोट काढून पिशवीत घालावा असं मघाशी मनात आलं होतं. पण नाही, घालूनच जाणार आहे. भाजीवाली जुडीमागं पाच रुपये जास्त सांगेल, एवढीच भीती.

नमस्कार.