नेतृत्वाचा शोध : नावं दोन दिवसांत मिळतात, काम मात्र ठरलेलं नसतं

नमस्कार. सीईओ किंवा त्याच्या बरोबरीच्या पदासाठी माणूस शोधायचा, म्हणजे एक्झिक्युटिव्ह सर्च करायचा, तर पूर्वी नुसता बाजाराचा नकाशा काढण्यात तीन-चार आठवडे जायचे. शंभर-दीडशे नावं, कोण कुठे आहे, कोण कोणाला रिपोर्ट करतं, कोणी केव्हा नोकरी बदलली. आता ही पहिली यादी एआयच्या मदतीने दोन दिवसांत हाती येते. तरीही पूर्ण शोधाला आजही साधारण चार महिनेच लागतात. त्यावर निवडलेल्या माणसाचा नोटीस पिरियड तीन ते सहा महिन्यांचा. वर्षाच्या सुरुवातीला काढलेलं पद भरून माणूस खुर्चीत बसेपर्यंत बरेचदा वर्ष सरत आलेलं असतं.

नावं इतकी लवकर मिळूनही वेळ वाचत नाही, कारण वेळ खातं ते दुसरंच काम. कंपनीला या माणसाकडून नेमकं काय हवंय, हे ठरवणं. पहिल्या दोन आठवड्यांत ते ठरलं नाही, तर शॉर्टलिस्ट समोर आल्यावर त्याचा वाद होतो. चार उमेदवार भेटून जातात. अध्यक्ष म्हणतात, पहिला चांगला, तो नव्या बाजारात उतरेल. दुसरे संचालक म्हणतात, आपल्याला आधी कर्ज कमी करायचंय, तिसरी बरी. मग दोघेही सर्च फर्मला, म्हणजे माणूस शोधून देणाऱ्या कंपनीला, सांगतात, ‘आणखी दोन-तीन नावं दाखवा.’ हे वाक्य ऐकू आलं की समजावं, उणीव नावांची नाही, ब्रीफमध्ये, म्हणजे कसा माणूस हवा आणि कशासाठी हे सांगणाऱ्या लेखी टिपणात आहे.

ब्रीफ लिहिण्याची चांगली पद्धत फार गुंतागुंतीची नाही, पण तिला वेळ द्यावा लागतो. अध्यक्ष, चार-पाच संचालक आणि या पदाला रिपोर्ट करणारे सहा-आठ जण, प्रत्येकाशी वेगवेगळं, पाऊण तास बोलायचं. सगळ्यांना तेच तीन प्रश्न विचारायचे. अठरा महिन्यांनी कोणत्या गोष्टी झालेल्या दिसल्या तर ही नेमणूक योग्य झाली असं म्हणाल? हा माणूस कोणते निर्णय कोणालाही न विचारता घेऊ शकेल? आणि आज चालू असलेलं कोणतं काम त्याने बंद करावं? उत्तरं एका कागदावर शेजारी-शेजारी मांडायची आणि तो कागद संचालक मंडळापुढे ठेवायचा. पहिल्या प्रश्नावर मतं जुळलेली दिसतात. दुसऱ्यावर फाटे फुटतात. तिसऱ्यावर तर निम्मे लोक उत्तरच टाळतात, आणि नव्या माणसाची पहिली अडचण नेमकी तिथेच दबा धरून बसलेली असते.

या बैठकीनंतर स्कोअरकार्ड तयार करावं. त्यात अठरा महिन्यांतली चार-पाच फलितं हवीत, शक्य तिथे आकड्यांत, आणि त्यांच्यासाठी अत्यावश्यक असे पाचच गुण. वीस-बावीस गुणांची यादी निरुपयोगी असते. त्यातले अर्धे आधीच्या माणसाकडे होते म्हणून आलेले असतात आणि उरलेले त्याच्याकडे नव्हते म्हणून.

गेल्या काही वर्षांत नवोन्मेषाची म्हणून जी पदं निघाली, चीफ इनोव्हेशन ऑफिसर, चीफ डिजिटल ऑफिसर आणि आता चीफ एआय ऑफिसर, त्यांत ब्रीफची ही उणीव सर्वांत महाग पडते. पदाचं नाव मोठं असतं, हाताखाली माणसं सहा, बजेट दुसऱ्या विभागाचं, डेटा तिसऱ्याच्या ताब्यात. अशा पदासाठी शोध सुरू करण्याआधी चार गोष्टींची लेखी उत्तरं मागावीत. खर्चावर सही कोणाची? डेटा वापरायची परवानगी कोण देतं? चालू प्रकल्प थांबवायचा अधिकार या माणसाला आहे का? आणि त्याच्या यशामुळे ज्या विभागाचा महसूल घटेल, त्या विभागप्रमुखाच्या बोनसचं काय होणार? शेवटचा प्रश्न विचारायला अवघड वाटतो, पण तो टाळला की सगळं तिथेच अडतं. कॅमेऱ्याची फिल्म विकणाऱ्या कोडॅक कंपनीच्या स्टीव्ह सॅसन यांनी डिजिटल कॅमेरा १९७५ मध्येच तयार केला होता. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. शोध लागला होता, तोही कंपनीच्याच प्रयोगशाळेत. पण कंपनीचा नफा फिल्ममधून येत होता आणि फिल्मला धक्का लागेल असा निर्णय घेणं तिथे कोणालाच सोपं नव्हतं. बाहेरून कितीही कल्पक माणूस आणला तरी हा पेच आपोआप सुटत नाही.

उमेदवाराकडूनही वेगळी माहिती घ्यावी. त्याने सुरू केलेले उपक्रम सीव्हीमध्ये असतातच, आणि एआयने घासूनपुसून दिल्यामुळे हल्ली सगळे सीव्ही एकाच हाताने लिहिल्यासारखे वाटतात. त्याने थांबवलेल्या तीन प्रकल्पांबद्दल विचारावं. केव्हा थांबवले, तोवर किती खर्च झाला होता, थांबवायचं हे कोणत्या आकड्यावरून ठरलं, विरोध कोणी केला, त्या टीममधल्या माणसांचं पुढे काय झालं. ज्याने खरोखर हे काम केलंय त्याला हे तपशील आठवतात. ज्याने ते लांबून पाहिलंय तो दोन वाक्यांत ‘आम्ही’वर येतो.

उमेदवार निवडताना आणखी एक सापळा असतो, उसन्या यशाचा. ॲपलची दुकानं उभी करणारे रॉन जॉन्सन नोव्हेंबर २०११ मध्ये जेसी पेनी या अमेरिकी दुकानसाखळीचे सीईओ झाले. तिथले ग्राहक कूपन आणि सवलतींना सरावलेले होते. फेब्रुवारी २०१२ पासून जॉन्सन यांनी ती पद्धत सगळ्या दुकानांत एकदम काढून टाकली, मोजक्या दुकानांत आधी करून पाहिलं नाही. त्या आर्थिक वर्षात विक्री सुमारे एक चतुर्थांशाने घसरली आणि एप्रिल २०१३ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. माणूस कर्तबगार होता, यात शंका नाही. पण त्या यशात माणसाचा वाटा किती आणि लोकांना हव्याहव्याशा वाटणाऱ्या उत्पादनाचा किती, हे वेगळं करून पाहणं निवड करणाऱ्यांचं काम होतं. उमेदवाराला थेट विचारावं, ‘तिथे तुमच्या पाठीशी काय होतं, जे इथे नसेल?’

मुलाखतीबद्दल थोडक्यात सांगतो. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडीच्या साधनांवरचं जुनं संशोधन नव्याने तपासलं. ठरलेले प्रश्न आणि ठरलेले निकष असलेली मुलाखत त्यात सर्वांत वर आली. तिचा पुढच्या कामगिरीशी सहसंबंध (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) सुमारे ०.४२, तर मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीचा ०.१९. हे आकडे सर्व थरांतल्या नोकऱ्यांचे आहेत, पण वरच्या पदांना त्यातून सूट द्यावी असं काही कारण मला दिसत नाही. उलट सीईओची मुलाखतच बहुतेकदा जेवणाच्या टेबलावर होते. सर्वांना तेच प्रश्न विचारावेत, प्रत्येकाने गुण आधी लिहून द्यावेत आणि चर्चा त्यानंतर व्हावी. अध्यक्षांनी सगळ्यांत शेवटी बोलावं. ते आधी बोलले की बाकीच्यांचे गुण त्यांच्याकडे सरकतात.

रेफरन्सकडे, म्हणजे उमेदवारासोबत काम केलेल्यांकडून मिळणाऱ्या माहितीकडे, मात्र जास्त लक्ष द्या. उमेदवाराने दिलेल्या तीन नावांवर थांबू नये. त्याची संमती घेऊन आठ-दहा जणांशी बोलावं. वरिष्ठ, बरोबरीचे, हाताखालचे, शक्य असेल तर एखादा ग्राहक किंवा ऑडिटर. सध्याच्या कंपनीत त्याच्या परवानगीशिवाय एकही फोन जाता कामा नये. बातमी फुटली तर त्याची आहे ती नोकरी धोक्यात येते. ‘माणूस कसा आहे?’ असं विचारलं की स्तुतीच ऐकायला मिळते. त्याऐवजी प्रसंग विचारावा. त्याने आपला कोणता निर्णय मागे घेतला? कोणाच्या सांगण्यावरून? बैठकीत आणखी कोण होतं? पुन्हा एकत्र काम करायचं झालं तर त्याच्या शेजारी कोणत्या प्रकारचा माणूस बसवाल? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना लोक उणिवा बोलून जातात, कारण त्यांना ती तक्रार वाटत नाही. असा एक फोन चाळीस मिनिटं चालतो. दहा मिनिटांत संपला तर तो औपचारिकतेपुरताच झाला असं धरावं.

एआयच्या यादीत एक मोठी फट आहे. जे आपल्या कामाबद्दल जाहीरपणे लिहितात तेच वर येतात. कारखाना, पुरवठा साखळी, जोखीम व्यवस्थापन अशा जागी वर्षानुवर्षं चोख काम करणारी माणसं प्रोफाइल अद्ययावत ठेवत नाहीत, आणि यंत्राच्या लेखी ती नसतातच. म्हणून क्षेत्रातल्या दहा-पंधरा जाणकारांना फोन करून नावं विचारण्याचं जुनं काम सोडू नये. कायद्याची बाजूही पाहावी. न्यूयॉर्क शहरात ५ जुलै २०२३ पासून भरतीच्या स्वयंचलित साधनांचं पक्षपात-परीक्षण दरवर्षी बाहेरच्या परीक्षकाकडून करून घ्यावं लागतं. युरोपीय संघाचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी लागू झाला. त्यात भरतीसाठीच्या प्रणाली उच्च जोखमीच्या गटात आहेत आणि कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर २ फेब्रुवारी २०२५ पासून जवळपास पूर्ण बंदी आहे. सर्च फर्म कोणती साधनं वापरते हे करारातच लिहून घ्या.

करारात आणखी दोन कलमं बघा. फी बहुधा पहिल्या वर्षाच्या रोख मोबदल्याच्या एक तृतीयांश असते आणि तीन हप्त्यांत द्यायची असते. पगार वाढला की फीही वाढते, म्हणून रक्कम आधीच ठरवून घेणं चांगलं. दुसरं कलम ऑफ-लिमिट्सचं. सर्च फर्म आपल्या दुसऱ्या ग्राहक कंपनीतून माणूस उचलू शकत नाही. फर्म जितकी मोठी, तितक्या जास्त कंपन्या तिच्यासाठी बंद. ही यादी सही करण्याआधी मागावी, नाहीतर ज्या पाच कंपन्यांतून माणूस यायला हवा त्यातल्या तीन तिच्यासाठी बंद आहेत हे दोन महिन्यांनी कळतं.

आता कंपनीतल्या उमेदवारांविषयी. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१३ मध्ये सीईओ स्टीव्ह बाल्मर पायउतार होणार असल्याचं जाहीर केलं. बाहेरच्या नावांचाही विचार झाला आणि ४ फेब्रुवारी २०१४ रोजी आतलेच सत्या नाडेला सीईओ झाले. आतल्या माणसाला बाहेरच्यांइतकंच कसून तपासावं, तेच स्कोअरकार्ड, तेच प्रश्न. ‘त्याला तर आपण ओळखतो’ असं म्हणून मुलाखत गाळली, तर ते त्याच्यावर अन्याय करणारं ठरतं आणि कंपनीलाही घातक. ज्याची निवड झाली नाही त्याच्याशी अध्यक्षांनी स्वतः, घोषणेच्या आधी बोलावं. कोणत्या निकषावर तो कमी पडला हे स्पष्ट सांगावं आणि पुढच्या दोन वर्षांत त्याला कोणती जबाबदारी मिळेल हे ठरवूनच त्या बैठकीला जावं. हे संभाषण ईमेलवर उरकलं, की काही महिन्यांत त्याचा राजीनामा येतो, आणि पाठोपाठ त्याच्या टीममधल्या दोघा-तिघांचा.