ऱ्हाइनच्या टेलचे शेतकरी

नमस्कार श्रोतेहो.

गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीकडे बघून अख्खं नाशिक पूर मोजतं. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत चढलं, एवढं कानावर आलं की क्युसेकचा आकडा विचारायची गरज नसते. सराफ बाजारात कुणी दुकान आवरायला घेतं, कुणी अजून तासभर थांबतं. पण कमरेपर्यंत आलंय की नाही, यावर कुणी वाद घालत नाही.

आजचा विषय आहे पाण्याच्या बाबतीत देशादेशांमधलं सहकार्य. परिषदा, ठराव, जाहीरनामे यांची यादी मी वाचून दाखवणार नाही. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते, ती म्हणजे मोजणी. वरच्यानं आणि खालच्यानं मिळून पाणी मोजलं, तर पुढची बोलणी होतात. ज्यानं त्यानं आपापलं मोजलं की कोर्टाची पायरी चढावी लागते.

आपली द्राक्षं कंटेनरमधून रॉटरडॅमला उतरतात, हे निफाड-दिंडोरीत शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. ते बंदर ऱ्हाइन नदीच्या मुखाशी आहे. नदी आल्प्समध्ये उगम पावते आणि स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी करत नेदरलँड्समध्ये समुद्राला मिळते. म्हणजे डच शेतकरी हे टेलचे, पाण्याच्या अगदी शेवटच्या टोकाचे शेतकरी. त्यांची भाजी, त्यांची फुलं काचघरात वाढतात, आणि वर फ्रान्सच्या अल्सास भागातल्या पोटॅशच्या खाणी आपलं टाकाऊ मीठ नदीत सोडत होत्या. मिठातल्या क्लोराइडनं बागेचं काय होतं, हे द्राक्षवाल्यांना मी काय सांगणार? साधं पोटॅश टाळून महागडं सल्फेटवालं आपण उगाच घेत नाही.

1950 साली या देशांनी ऱ्हाइनसाठी एक आयोग नेमला. महायुद्ध संपून जेमतेम पाच वर्षं झाली होती. ज्या जर्मनीनं नेदरलँड्स व्यापलं होतं, तिच्याच शेजारी बसून डचांना बोलायचं होतं. आयोगानं सुरुवातीची कित्येक वर्षं काय केलं, तर मोजलं. नमुना कुठे घ्यायचा, कोणत्या पद्धतीनं तपासायचा, आकडा कुणाचा धरायचा. या कंटाळवाण्या कामाला मी फार मानतो. करार म्हणून त्याला पक्कं रूप आलं ते 1963 मध्ये, बर्नला.

मग 1976 चा क्लोराइड करार. मीठ कमी करायला येणारा खर्च चौघांनी वाटून घ्यायचा ठरला: फ्रान्स आणि जर्मनी प्रत्येकी 30 टक्के, स्वित्झर्लंड 6 आणि नेदरलँड्स 34. नीट ऐका, सगळ्यात मोठा वाटा नुकसान सोसणाऱ्याचा! आपल्याकडे असं कुणी सुचवलं तर सभा उधळली जाईल. न्यायाच्या तराजूत हे बसत नाही, हे मलाही कळतं. तरी डचांनी सही केली, कारण त्यांना भांडण जिंकण्यापेक्षा गोडं पाणी हवं होतं. एवढं करूनही फ्रान्सनं मंजुरीला वर्षं लावली. करार लागू व्हायला 1985 उजाडलं.

पुढच्याच वर्षी बासलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली. ती विझवताना कीटकनाशकं पाण्याबरोबर नदीत गेली, नदी लाल झाली आणि शेकडो किलोमीटरपर्यंत मासे मेले. 1987 मध्ये कृती कार्यक्रम ठरला आणि त्याची खूण म्हणून सामन मासा धरला. 2000 सालापर्यंत तो नदीत परत यायला हवा. मारुतीच्या कमरेसारखंच हे, कुणालाही दिसेल असं माप. आणि मासा परत आला.

सिंधू कराराचंही सांगायला हवं. 1960 चा तो करार 1965 आणि 1971 ची युद्धं पचवून टिकला. दोन्हीकडचे आयुक्त नद्यांचे आकडे एकमेकांना देत राहिले. 2025 च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारतानं तो स्थगित ठेवला. तो वेगळाच प्रश्न आहे, आज त्यात शिरत नाही.

आता आपल्या दारात. 2023 च्या ऑक्टोबरअखेर नाशिक-नगरच्या धरणांतून खाली मराठवाड्यातल्या पैठणच्या जायकवाडी धरणासाठी 8.6 टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. समन्यायी पाणीवाटपाचा कायदा 2005 चा, 2016 चा उच्च न्यायालयाचा निकाल आहे, सगळं आहे. तरी पाणी सुटलं की काय होतं? काठावरच्या गावांची वीज तोडतात, मोटारी बंद. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात. पोलीस बंदोबस्त लागतो. नाशिक म्हणतं, निम्मं वाटेतच जिरतं. मराठवाडा म्हणतो, जिरत नाही, तुम्ही उचलता. दोघांचा आकडा वेगळा, आणि दोघांनाही आपलाच खरा वाटतो.

उपाय शोधायला ऱ्हाइनला जायलाच हवं असंही नाही. दिंडोरीचं वाघाड धरण बघा. टेलला ओझरच्या शेतकऱ्यांना पाणी पोचेना, तेव्हा त्यांनी पाणी वापर संस्था काढल्या. पाणी चारीच्या तोंडाशी मोजून घ्यायचं आणि मापाप्रमाणे पट्टी भरायची. पुढे सगळा प्रकल्पच शेतकऱ्यांनी चालवायला घेतला. सुरुवात टेलच्यांनी केली, हे लक्षात घ्या. ऱ्हाइनच्या आयोगाचं सचिवपदही पुष्कळ वर्षं डचांकडेच असायचं. सगळ्यात खालचा म्हणून त्याला नदीची काळजी जास्त.

तेव्हा माझं म्हणणं असं. नांदूरमध्यमेश्वर ते पैठण या पट्ट्यात पाणी कुठे मोजायचं ती ठिकाणं दोन्हीकडच्या पाणी वापर संस्थांनी मिळून ठरवावीत. आवर्तन चालू असताना रोजचं वाचन दोघांच्या सह्यांनी व्हावं, आणि तो आकडा त्याच संध्याकाळी रेडिओवर यावा. वीज किती तास तोडली, कोणत्या गावांची, त्याची भरपाई कुणी किती उचलायची, हेही लिहून ठेवावं. खालच्यानं त्यात काही द्यावं का, हा प्रश्न मराठवाड्याला आवडणार नाही. आणि गोदावरीत तुम्ही काय सोडता, हा प्रश्न आपल्याला आवडणार नाही. पण दोन्ही एकाच कागदावर यायला हवेत. पहिली बैठक पैठणला घ्यावी, आणि नाशिककरांनी तिकडे जावं.

नमस्कार.