यादीबाहेर पडल्यावर

मित्रहो, २० डिसेंबर २००४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मालदीवला सर्वांत कमी विकसित देशांच्या यादीतून बाहेर काढण्याचा ठराव केला. दरडोई उत्पन्न वाढले होते, शिक्षण आणि आरोग्य सुधारले होते. नियमाप्रमाणे सगळे बरोबर होते. सहा दिवसांनी त्सुनामी आली.

शेजारच्या श्रीलंकेत तीस हजारांहून जास्त माणसे गेली; मालदीवमध्ये मृत आणि बेपत्ता मिळून शंभराच्या आसपास. म्हणून बातम्यांत मालदीव मागे पडला. पण तिथले नुकसान देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या सुमारे ६२ टक्के होते! कांधोलुधू हे अख्खे बेट सोडावे लागले, आणि तिथल्या लोकांना धुवाफारू बेटावर नवी घरे मिळेपर्यंत चार वर्षे गेली.

यादीबाहेर पडण्याचे निकष तीन आहेत: उत्पन्न, मानवी विकास आणि असुरक्षितता, म्हणजे बाहेरून आलेल्या धक्क्याने देश किती कोलमडू शकतो ते. तीनपैकी दोन पुरे होतात. म्हणजे असुरक्षिततेत नापास झालेला देशही पुढच्या वर्गात जातो. माझा आक्षेप नेमका इथे आहे. मालदीवमध्ये माणसे सुमारे दोनशे बेटांवर विखुरलेली, त्यामुळे बोटींचा धक्का, शाळा, वीज सारे बेटागणिक वेगळे उभारायचे. डिझेल आणि तांदूळ बाहेरून आणायचा. समुद्राचे पाणी गोड करून प्यायचे. डिसेंबर २०१४ मध्ये राजधानी मालेतल्या त्या एका प्रकल्पाला आग लागली आणि नळ कोरडे पडले. तेव्हा आपल्या मुंबईहून नौदलाचे ‘दीपक’ जहाज पाणी घेऊन निघाले होते. पर्यटनातून आलेली उत्पन्नाची सरासरी यातले काही दाखवत नाही.

त्सुनामीमुळे मालदीवला सवलतीची मुदत मिळाली आणि २०११ मध्ये तो यादीबाहेर पडला. यादीतल्या देशांना मिळणारी जकातमाफी मग संपली, आणि २०१४ पासून युरोपात त्याच्या माशांवर जकात लागू झाली. गळाने एकेक मासा धरणाऱ्या कोळ्यांवर तिचा भार आला.

नेपाळचे उदाहरण तर मला अधिक अस्वस्थ करते. मार्च २०१५ च्या आढाव्यात नेपाळ उत्पन्नात कमी पडला, पण असुरक्षिततेच्या निकषात उत्तीर्ण, म्हणजे पुरेसा सुरक्षित, ठरला. एप्रिलमध्ये भूकंप झाला. सप्टेंबरपासून भारताच्या सीमेवरची वाहतूक काही महिने अडली. इंधन, गॅस, औषधे यांची टंचाई झाली. समुद्र नसलेल्या देशाचा माल कोलकात्याच्या बंदरातून रक्सौल-बीरगंजमार्गे येतो, आणि हे परावलंबन त्या मापात पुरेसे उतरलेच नव्हते.

ऑगस्ट २०२४ मध्ये आमसभेने बहुआयामी असुरक्षितता निर्देशांक, म्हणजे देशाची असुरक्षितता अनेक अंगांनी मोजणारे माप, मान्य केला. चांगले झाले. पण कर्ज देणाऱ्या बँकांना तो बंधनकारक नाही, आणि स्वस्त कर्ज कोणाला मिळणार हे अजूनही प्रामुख्याने दरडोई उत्पन्न पाहूनच ठरते. बार्बाडोस या कॅरिबियनमधल्या बेट-देशाने आपल्या कर्जरोख्यांत एक अट घालून घेतली आहे: मोठी नैसर्गिक आपत्ती आली तर हप्ते काही काळ थांबतील. ही अट छोट्या बेटांच्या आणि भूवेष्टित देशांच्या प्रत्येक कर्जकरारात असावी, आणि ती सावकार देशांनी आपणहून घालावी. त्या सावकारांत भारतही आहे. मालदीव आपलाही कर्जदार आहे.