घाटमाथा आणि खाडी: वाशिष्ठीचं खोरं

मंडळी, चिपळूण-कऱ्हाड रस्त्यावरच्या कुंभार्ली घाटाच्या माथ्यावरून पाहिलं तर सह्याद्रीचा कडा जिन्यासारखा उतरलेला दिसतो. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले. त्यातला कठीण थर उभा कडा होऊन राहतो, मऊ थर झिजतो आणि तिथे माची तयार होते. आपल्या पूर्वजांनी किल्ले बांधताना हे बरोबर हेरलं होतं. जुनी गावंही अशाच सपाटीवर, झऱ्याच्या आसऱ्याने वसलेली.

पाऊस या कड्याची माती खाली आणतो. ती ओढ्यांतून वाशिष्ठीत, म्हणजे चिपळूणच्या नदीत येते. पुढे दाभोळच्या खाडीत भरती उलटी येते, पाण्याचा वेग मरतो आणि गाळ बसतो. हा सगळा निसर्गाचा कारभार. पण गाळ किती आणि केव्हा यायचा, हे बऱ्याच अंशी माणूस ठरवतो. उतारावरची वरकस, म्हणजे हलकी डोंगरी जमीन बघा. एक वर्ष नाचणी, मग वरी, मग जमीन पडीक. झुडपं परत वाढायची. राबासाठी, म्हणजे रोपं टाकायची जागा भाजायला, कवळ म्हणजे झाडाच्या फांद्या तोडायचे, पण झाड जिवंत ठेवायचे. कोळशासाठी आणि लाकडासाठी सरसकट तोड झाली, तिथे ही सवड उरली नाही. आता तर डोंगराचा पायथाच जेसीबीने कापतात.

खाली खाडीकाठी तर आपण जमीनच घडवली. खारं पाणी अडवणारा खारबांध घातला, त्याला उघाडी म्हणजे पाणी सोडायचं दार ठेवलं. तिचं लाकडी झाकण भरतीच्या दाबाने आपोआप मिटतं, ओहोटीला आतल्या पाण्याने ढकललं जातं. पावसाचं पाणी मीठ धुऊन नेतं आणि मग खारं सोसणारं भात पिकतं. बांधाला खेकड्यांची बिळं पडतात. ती वेळेवर बुजवली नाहीत तर शेत परत खाडीचं. सामाईक कष्टाचं काम आहे हे. एकट्यादुकट्याला झेपत नाही.

आणि कोयना! महाबळेश्वरला उगम पावून ती दक्षिणेला वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. आपण धरण बांधलं, डोंगर पोखरला आणि तिचं पाणी पोफळीला वीजघरात पाडलं. तेच पुढे वाशिष्ठीत येतं. म्हणजे बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी अरबी समुद्राला मिळतं. सह्याद्रीने केलेली पाण्याची वाटणी आपण काही अंशी मोडली. मला हा इथला सगळ्यात मोठा फेरफार वाटतो, आणि बाहेरून तो दिसतसुद्धा नाही.

२२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं, त्याच दिवशी महाडजवळ तळियेत दरड कोसळली. चिपळूणच्या पुराचं खापर कुणी धरणावर फोडलं, कुणी गाळावर, कुणी भरतीवर. माझं मत विचाराल तर एकाच कारणावर बोट ठेवायची घाई नको. त्यानंतर नदीतला गाळ उपसला गेला. उपसायलाच हवा. पण काठावर ढीग राहिले तर पुढच्या पावसात ते परत पात्रात, आणि वरचा उतार उघडाच राहिला तर नवा गाळ तयारच आहे. उपशाचा हिशेब नदीपुरता न ठेवता कुंभार्लीपासून मांडायला हवा. पण तिथे वनखातं, खाजगी मालकीचे डोंगर आणि रस्त्याचं काम, तीन वेगळी दप्तरं आहेत.