टक आणि टप

नमस्कार, श्रोतेहो. आज हर्लिंग या आयरिश खेळातल्या पहिल्या स्पर्शाबद्दल बोलायचंय. आयर्लंडमध्ये राहून तुमची मुलं हा खेळ खेळत असतील, तर नियम मी सांगायला नकोत. चेंडू येतो, हर्लीला, म्हणजे टोकाला रुंद फळी असलेल्या काठीला लागतो आणि तीन हात लांब उडतो. तो गाठेपर्यंत समोरचा घेऊन पसार. दुखणं एवढंच, आणि ते मुठीत आहे. मूठ सैल हवी. हे मी पुन्हा सांगणार आहे.

आम्ही इथे आयर्लंडमध्ये, कॉर्क शहरात नवीन आलो तेव्हाची गोष्ट. मुलगा नऊ वर्षांचा. माझं सगळं क्रिकेट सोलापूरचं, म्हणून मी त्याला हर्ली बॅटीसारखी धरायला शिकवली. डावा हात वर, उजवा खाली. वर बजावलं, घट्ट धर. पोरगं परसातल्या भिंतीवर मारतंय आणि परत आलेला प्रत्येक चेंडू हर्लीवर आपटून गुलाबाच्या वाफ्यात जातोय.

शेजारचे आजोबा, ऐंशीच्या घरातले, कुंपणापाशी उभे होते. फाटक उघडून आत आले आणि आधी पोराचे हात बदलले. उजव्या माणसाचा उजवा हात वर, दांड्याच्या टोकाशी. डावा खाली, कारण चेंडू झेलायला तोच सुटतो. मग हर्ली माझ्या हाती देऊन म्हणाले, "तुम्ही मारा." आणि भिंतीकडे पाठ करून पायरीवर बसले.

मी मारला. चेंडू परत आला. टक! "घट्ट," आजोबा म्हणाले. पुन्हा. टक! "घट्ट." वळूनसुद्धा बघत नव्हते. असं दहा-बारा वेळा. बोटं अवघडली, मूठ आपोआप ढिली पडली, आणि आवाज आला, टप. चेंडू उडालाच नाही, पायाशी पडला. आजोबा पाठमोरेच म्हणाले, "हां. आता पोराला द्या."

टक म्हणजे मूठ आवळलेली. टप म्हणजे मूठ सैल. चेंडू टेकतो त्या क्षणी खालचा हात ढिला सोडून हर्ली किंचित मागे येऊ द्यायची. अंगावर झेपावणारं बाळ आपण घेतो, तशी. हा चेंडू क्रिकेटच्या चेंडूहून बराच हलका. कडक फळीवरून तो उडणारच.

सरावाला भिंतच घ्या. चार-पाच पावलांवरून, उजवीकडून आणि डावीकडूनही. चेंडू परत पाठवणारी जाळी विकत मिळते, पण मला ती पटत नाही. जाळी मुकी असते. जमिनीवरचा चेंडू हाताने थेट उचलता येत नाही, म्हणून गुडघे वाकवून फळी त्याच्याखाली सरकवायची. तिथेही मूठ सैल.

आणि हर्ली वाढत्या मापाची घेऊ नका! गणवेश घ्या, बूट घ्या, हर्ली नको. लांब हर्ली पोराच्या मनगटाला झेपत नाही. जमलं तर अ‍ॅशच्या लाकडाचीच घ्या. २०१२ मध्ये त्या झाडांवरचा बुरशीचा रोग आयर्लंडमध्ये आढळला, तेव्हापासून बांबूच्या आणि प्लास्टिकच्या हर्ल्यांची चर्चा वाढली. पण अ‍ॅश हाताला जे सांगतं, ते मला दुसऱ्या कशात सापडलेलं नाही.

आज संध्याकाळी पोराला भिंतीसमोर उभं करा. तुम्ही पाठ करून बसा. बघू नका, नुसतं ऐका. नमस्कार.